चप्पल निसटते, कळत नाही

“माउली, चप्पल कुठं पडली त्येच कळलं न्हाई बघा.”

आषाढी होऊन आठवडा झाला होता. दवाखान्यात वारीहून परतलेल्यांची गर्दी होती. पायाला फोड, जुलाब, पावसात भिजून आलेला ताप असं सगळं चाललं होतं. आबा खोकल्याचं औषध न्यायला आले होते. चपलेची गोष्ट त्यांनी गंमत म्हणून सांगितली. माळशिरस सोडल्यावर केव्हातरी त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली, आणि ते तसेच चालत राहिले. मागच्या माणसाने हाक मारून सांगितलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. दिंडीत सगळे हसले. म्हातारा नामात इतका रंगला की चपलेचं भान राहिलं नाही, असं गावभर झालं. सांगताना आबांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता.

मी हसले नाही. मेडिकल कॉलेजात आमचे एक शिक्षक पायांचं दुखणं घेऊन आलेल्या प्रत्येकाला चपलेबद्दल विचारायचे. चप्पल निसटते आणि निसटलेली कळते, तर पायातली ताकद कमी झाली आहे. निसटते आणि कळतच नाही, तर संवेदना गेली आहे. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

“आबा, तोंड धुताना तोल जातो का?”

ते चमकले. “तुमाला कुनी सांगितलं? डोळं मिटून पानी मारलं की म्होरं कलंडतो. आता मोरीच्या भितीला धरूनच तोंड धुतो.”

पाय कुठे टेकला आहे हे मेंदूला कळवणारे धागे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. ते दुबळे झाले की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. डोळे मिटले किंवा अंधार झाला की तो आधारही जातो. मी आबांना पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि दोन्ही हात त्यांच्या बाजूला धरून ठेवले. चार सेकंदांत ते माझ्या हातांवर आले. मग ट्यूनिंग फोर्क टेबलाच्या कडेवर आपटून त्यांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. काय जाणवतंय विचारलं, तर म्हणाले, “गार लोखंड लागतंय.” नडगीवरही तेच. गुडघ्यावर ठेवला तेव्हा मात्र हसले, “हां, आता झिणझिणलं.”

हिमोग्लोबिन ११.८ आलं, म्हणजे काळजीने धावपळ करावी असं नव्हतं. रक्तातलं बी-१२ मात्र शंभराच्याही खाली होतं. निरोगी माणसात ते साधारण दोनशेच्या वर असतं.

आबांच्या दुखण्याला गावाने आधीच भक्ती असं नाव देऊन टाकलं होतं. तेवीस वर्षांच्या डॉक्टरकीत मी एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली आहे. लक्षण माझ्यापर्यंत येतं तेव्हा ते बिननावाचं नसतं. घराने, शेजाऱ्यांनी, कधी आधीच्या डॉक्टरने त्याचं बारसं केलेलं असतं. ते नाव इतकं सवयीचं, कधीकधी इतकं कौतुकाचं असतं की त्याखाली आणखी काही असेल असं कुणाला वाटत नाही.

आबांना ओळखलं याचं श्रेय मी घेणार नाही. ते जातं एका बाईकडे, जिला मी त्याआधी सात महिने ओळखलं नव्हतं.

तिशीतली बाई. उसाच्या खुरपणीला जाणारी, दोन मुलांची आई. धाप लागते, उभ्याउभ्या डोळ्यांसमोर अंधारी येते अशी तक्रार. हिमोग्लोबिन ६.८. आमच्या भागात अशा बाया रोज येतात. मी ‘ॲनिमिया’ लिहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गूळ-शेंगदाणे, पालेभाज्या खायला सांगितल्या. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ६.९. गोळ्या बदलल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी तिच्यावर रागावले. म्हटलं, गोळ्या घेत नाहीस आणि घेते म्हणून सांगतेस. ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, शी काळी हुती की. गोळी घेतल्याबिगर हुईल का?”

तिचं खरं होतं. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो. तिच्याकडे पुरावा होता आणि माझ्याकडे संशय. तरीही मला दुसरा विचार सुचला नाही.

मधल्या काळात तिच्या डोळ्यांत पिवळसर झाक आली म्हणून सासूने तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. दोन आठवडे मिठाशिवाय जेवण झालं. ठेचा तर तिने आपणहून आधीच सोडला होता. भाकरीचा घास जरा तिखट असला तरी जिभेला आग लागायची. हे तिने मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

शेवटी फोन आला तो आमच्या गावातल्या लॅबवाल्या भाऊंचा. “मॅडम, या बाईची स्लाइड बघितली. पेशी फार मोठ्या आहेत. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा पाकळ्या दिसतायत. लोहाची कमी असती तर पेशी बारक्या दिसल्या असत्या.” मी तिचे जुने रिपोर्ट काढले. हिमोग्लोबिनच्या खाली, चौथ्या-पाचव्या ओळीत एमसीव्ही हा आकडा असतो. तांबडी पेशी सरासरी किती मोठी आहे ते तो सांगतो. साधारण ८० ते १०० असायला हवा. तिचा ११४ होता. तिन्ही रिपोर्टांत तो छापलेला होता, आणि मी तिन्ही वेळा पहिली ओळ वाचून कागदाची घडी घातली होती.

मग मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. जीभ लालभडक आणि गुळगुळीत होती. तिच्यावरचा नेहमीचा खरखरीत थर झडून गेला होता. बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडली होती. तळहातांच्या रेषाही काळसर. उन्हात काम करणाऱ्या बाईचे हात काळे असणारच, असं मी धरून चालले होते. पण ऊन काही निवडून सांध्यांवरच बसत नाही.

बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलं की पेशीला दुभंगण्यासाठी लागणारा डीएनए वेळेवर तयार होत नाही. पेशी वाढत राहते, पण तिची वाटणी होत नाही. अशा फुगलेल्या पेशी हाडांच्या मगजातच फुटतात, आणि त्यांचा रंग रक्तात उतरून डोळे फिकट पिवळे दिसतात. सासूने पाहिलेली कावीळ खोटी नव्हती, पण ती यकृतातून आलेली नव्हती.

मोठ्या पेशींच्या या ॲनिमियाचं आणि आपलं नातं जुनं आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, ती कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या ॲनिमियाचा शोध घ्यायला. तिला त्यांच्या रक्तात अशाच मोठ्या पेशी दिसल्या. ही जंतूंची बाधा नसून खाण्यातली उणीव आहे हे तिने ताडलं, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं औषधी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या गिरणीकामगार बायका आणि माझ्यासमोरची खुरपणीवाली यांचं काही नातं आहे हे मात्र एका लॅबवाल्याने फोन करेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

एक सावधगिरी इथेच सांगते. बी-१२ची कमतरता असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण मज्जातंतूंची झीज चालूच राहते. रिपोर्ट चांगला येतो आणि पाय बधिर होत जातात. म्हणून ‘रक्तवाढीची गोळी’ ही एकच एक वस्तू नाही.

त्या बाईला एक दिवसाआड इंजेक्शनं सुरू केली. आठवड्याच्या आत तिला भूक लागू लागली. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९च्या वर गेलं. ती म्हणाली, “काल ठेचा खाल्ला.” मला तो रिपोर्टापेक्षा मोठा निकाल वाटला.

त्यानंतर मी जीभ बघितल्याशिवाय आणि बोटांचे सांधे उजेडात धरल्याशिवाय कुणाला ‘रक्त कमी आहे’ असं लिहिलेलं नाही. त्याच सवयीमुळे एक बाळ सापडलं.

दहा महिन्यांचं, गुबगुबीत. आजी कौतुकाने सांगत होती, “लई गुणी हाय. रडतच न्हाई. ठेवलं तिथं ऱ्हातंय.” आणलं होतं सर्दीसाठी. मी बाळासमोर चुटकी वाजवली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर तशीच पुढे गेली. दहा महिन्यांचं मूल अनोळखी बाईला बघून एक तर हसतं, नाही तर भोकाड पसरतं. याने दोन्ही केलं नाही. केस विरळ आणि तांबूस, चेहरा फिकट, बोटांचे सांधे काळसर. मी आईकडे वळले. ती हळूच म्हणाली, “सातव्या महिन्यात बसत हुतं. आता बसवलं तर कलंडतंय. हसायचं बी बंद झालंय.” आजीच्या मते त्याला दृष्ट लागली होती, आणि दोन वेळा मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या होत्या.

मुलाचं वजन चांगलं असल्यामुळे कुपोषणाच्या तक्त्यावर ते कुठेच सापडत नव्हतं. अंगावर पीत होतं आणि बाहेरचं खाणं नावालाच होतं. आईच्या दुधात बी-१२ तेवढंच उतरतं जेवढं आईच्या रक्तात असतं. आई माहेर-सासर दोन्हीकडून माळकरी. घरात मांस नाही, अंडं नाही. म्हशी दोन, पण दूध डेअरीला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशाच बाळांचं वर्णन केलं होतं: मरगळलेली, फिकट, कातडीवर काळे डाग, शिकलेलं विसरत चाललेली, आणि सगळ्यांच्या आया बी-१२ कमी असलेल्या. अशा काही मुलांचे हातपाय, मान, अगदी जीभसुद्धा थरथरू लागते. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ त्याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात.

मी बाळाला जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि आईचंही रक्त तपासायला सांगितलं. उपचार सुरू झाल्यावर त्याचे हात थरथरू लागले, म्हणून घरचे घाबरून मला फोन करत होते. उपचारानंतर काही दिवस असं होऊ शकतं, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, तरी आजीला मीठ-मोहऱ्या आठवल्याच. दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. बोलणं नव्हतंच. मागून फक्त बाळाचं रडणं ऐकू येत होतं, खणखणीत. “ऐका मॅडम,” एवढंच ती म्हणाली.

या सगळ्या घरांत अन्नाची टंचाई नव्हती. ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी, शेंगांची चटणी, सगळं होतं. पण बी-१२ कुठल्याही झाडात, पाल्यात, धान्यात तयार होत नाही. ते जिवाणू बनवतात, आणि आपल्यापर्यंत येतं प्राण्यांकडून: मांस, मासे, अंडी, दूध. ‘रक्तासाठी’ म्हणून सांगितलं जाणारं बीट, खजूर, पालक, मोड आलेली मटकी हे सगळं चांगलं आहे, पण त्यात बी-१२ नाही. गरज असते दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. यकृतात काही वर्षांची शिल्लक असते, म्हणून तूट लवकर कळत नाही. शिल्लक संपत आली की एकेक लक्षण डोकावू लागतं, तेही इतकं सावकाश की माणसाला वाटतं, हे वयामुळेच.

हे फक्त खेड्यातलं दुखणं आहे असंही नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि परिसरातल्या पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी सापडलं. सर्वांत जास्त प्रमाण होतं शहरी मध्यमवर्गात.

रोग्याला खाण्याबद्दल विचारणं मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. “काय जेवता?” याला उत्तर येतं, “सगळं.” “दूध घेता?” याला उत्तर, “घरचंच हाय की, दोन म्हशी हायेत.” हा प्रश्न माणसाला घरच्या सुबत्तेबद्दलचा वाटतो, आणि सुबत्ता नाही असं कोण म्हणेल? आता मी विचारते, “काल सकाळपासून काय काय पोटात गेलं ते सांगा.” मग कळतं की सकाळचं दूध साडेसहाला संकलन केंद्रावर जातं. उरलेलं पावशेर घरच्या चहात आणि नातवाच्या वाटीत. सून शेवटी जेवते तेव्हा ताकाच्या भांड्यात पाणीच जास्त असतं. मांसाहारी घरातही तेच. “खातो की मटण” म्हणजे गावच्या जत्रेला आणि पाहुणे आले तर, आणि त्यातही बाईच्या ताटात रस्सा.

आबांना मी माळ उतरवायला सांगितली नाही, सांगणारही नाही. रोज दोन पेले दूध घरात ठेवा, बाकीचं डेअरीला घाला, एवढंच सुनेला आणि मुलाला समोर बसवून सांगितलं. पहिलं इंजेक्शन भरताना आबांनी सिरिंजकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. “माउली, ह्ये लाल कशाचं? रगताचं न्हाई ना?”

त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी या जातीच्या एका असाध्य ॲनिमियावर उपाय शोधला, तो म्हणजे रोग्याला रोज जवळजवळ पाव किलो कलेजी खायला घालणं. त्याबद्दल १९३४ मध्ये त्यांना व्हिपल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्या काळात आबांना औषध द्यायचं तर माळ आणि जीव यांत निवड करावी लागली असती. १९४८ मध्ये यकृतातलं ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळं झालं, आणि ते स्फटिक लाल होते. त्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट नावाचा धातू असतो. आज हे औषध कारखान्यात जिवाणू वाढवून बनवतात. मी आबांना म्हटलं, “दही लावतो तसं विरजण लावून करतात. रक्त नाही, कलेजी नाही.” त्यांनी “रामकृष्ण हरी” म्हणून हात पुढे केला.

लाल इंजेक्शनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गेल्या काही वर्षांत बी-१२ हे नाव घरोघरी पोचलं, आणि आता तेच एक झाकण झालं आहे. मुंग्या आल्या की माणूस मेडिकलमधून लाल इंजेक्शन घेतो आणि ओळखीच्या कुणाकडून टोचून घेतो. ढाब्यावर स्वयंपाक करणारा एक तरुण अशी दहा-बारा इंजेक्शनं घेऊन माझ्याकडे आला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. करंगळीवर तव्याचा मोठा चटका होता, आणि तो कधी बसला हे त्याला माहीत नव्हतं. बी-१२ची बधिरता सहसा दोन्ही पायांपासून, सारखी वर चढत येते. एकाच हाताची दोन बोटं हा तिचा स्वभाव नाही. कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर दोरीसारखी जाड नस लागली. दंडावर फिकट चट्टा होता, तिथे कापसाचा स्पर्श कळत नव्हता. कुष्ठरोग होता. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेवर घेतली तर तो पूर्ण बरा होतो. त्या तरुणाचे सहा महिने मात्र लाल बाटल्यांत गेले होते.

उलटंही होतं. मधुमेहाच्या एका मास्तरांच्या तळपायांची आग सगळ्यांनी ‘साखरेमुळे’ म्हणून सोडून दिली होती. ते बारा वर्षं मेटफॉर्मिन घेत होते, आणि त्या गोळीने बी-१२चं शोषण कमी होतं. गोळी बंद करायची गरज नव्हती, फक्त एक तपासणी हवी होती.

वाचकांना माझं सांगणं थोडकं आहे. तुमच्या घरात कुणाची चप्पल नकळत निसटत असेल, तोंड धुताना कुणी भिंत धरत असेल, कुणी तिखट सोडलं असेल, एखादं बाळ फारच गुणी असेल, तर त्याला दिलेलं घरगुती नाव थोडा वेळ बाजूला ठेवा. रक्ताचा जुना रिपोर्ट असेल तर एमसीव्हीची ओळ शोधा आणि ती डॉक्टरांना दाखवा. ती शंभराच्या वर नसली तरी निश्चिंत होऊ नका. लोहही कमी असेल तर दोन्हींची वजाबाकी होऊन आकडा बरोबर दिसतो, आणि आबांसारख्या माणसाचं हिमोग्लोबिन फारसं कमी नसतानाही पाय गेलेले असतात. आणि स्वतःच्या मनाने टोचून घेण्याआधी तपासणी करा. एकदा इंजेक्शन घेतलं की रक्तातला आकडा वर जातो आणि खरं काय होतं ते कळेनासं होतं.

आबांच्या उपचारांना आता एक वर्ष झालं. पायांची आग थांबली आहे, रात्री अंगणात जाताना बॅटरी लागते पण माणूस लागत नाही. या आषाढीला ते बंदाची सँडल घालून वाखरीपासून शेवटचा टप्पा चालले. परवा मी पुन्हा फोर्क लावला. नडगीच्या मध्यापर्यंत झिणझिण उतरली आहे. घोट्यावर अजून गार लोखंडच लागतं, आणि बहुधा तसंच राहील. पायाच्या बोटांना मुंग्या येतात असं ते मला दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. त्यांच्या जुन्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: वयोमानानुसार.